ढोल नव्हे, तुडुम

चंद्रकांता लांजेवार गोंदियाच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते, मुर्रीला घर बांधून राहते आणि वेड्यांवर पीएच.डी. करते, एवढं २००९ साली सगळ्यांना ठाऊक होतं. वेडे म्हणजे आजचे नव्हेत बरं का, इंग्लंडच्या राणीच्या काळातले. त्यातही साधेसुधे नव्हेत. खून, जाळपोळ असलं काही करून बसलेले आणि मग वेडे ठरून इस्पितळात डांबलेले. सरकारी कागदात त्यांना ‘गुन्हेगार वेडे’ म्हणत.

स्टाफरूममध्ये तिची टिंगल व्हायचीच. "मॅडम, गोंदियात काय पागल कमी पडले, की राणीच्या राज्यातले शोधून राहिल्या?" चंद्रकांता हसण्याच्या जागी हसायची आणि म्हणायची, "त्या विषयावर आपल्याकडे कोणी काम केलं नाही." ते खरं होतं. पण अर्धंच.

उरलेलं अर्धं तुम्हाला आधीच सांगून टाकतो, उगाच झाकून ठेवण्यात काही मजा नाही. तिला एक धाकटा भाऊ होता. देवचंद. माहेर अर्जुनी-मोरगावकडचं, आडनाव कापगते, जात कोहळी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणारी आणि राखणारी माणसं. बाप शालीकराम गावच्या तलावाचं पाणी वाटायचा. तलावाच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, पाणी सोडायची जी दगडी मोरी असते ना, पायऱ्यापायऱ्यांची, लाकडी गुट्ट्यांनी बंद केलेली, तिला आमच्याकडे तुडुम म्हणतात. बाप बुडी मारून तुडुमाची गुट्टी काढायचा आणि ही दोघं पाळीवर उभी राहून तो किती वेळ पाण्याखाली राहतो ते मोजायची. देवचंद घाबरून हिचा हात धरायचा. "बाई, बाबा निघन ना वर?" आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. तो तर झोपेतही बाई-बाई करायचा.

२००१ च्या सप्टेंबरात, भरदुपारी, देवचंदने बाजेवर झोपलेल्या बापाला फावड्याने मारलं. त्याआधी सहा महिने तो झोपला नव्हता, जेवणात विष आहे म्हणायचा, रेडिओ आपल्याच नावाने बोलतो म्हणायचा. ‘बाहेरचं काही लागलं’ म्हणून त्याला दोनदा भगताकडे नेलं होतं, डॉक्टरकडे एकदाही नाही. कोर्टात चंद्रकांतानेच साक्ष दिली, की माझ्या भावाला काय करतो ते कळत नव्हतं. कोर्टाने मान्य केलं. निर्दोष सुटला आणि मनोरुग्णालयात गेला. कसली सुटका ती! सुटला तो सरळ आतच.

त्या शहराचं नाव घरात कोणी घेतलं नाही पुन्हा. नुसतं ‘तिकडं’ म्हणायचे. आई सावित्रीबाई पुढं मुर्रीला लेकीकडे येऊन राहिली. शेजारणींनी विचारलं, लेकरं किती, की म्हणायची, "एकच पोरगी." चंद्रकांताची मुलगी पुष्पांजली तेव्हा लहान होती, तिला मामा आहे हेच माहीत नव्हतं. नवरा सेवकराम भला माणूस. "जे झालं ते झालं," म्हणाला आणि विषय संपवला.

आणि चंद्रकांता? तिला काही वाटेनासं झालं. दाढ काढायच्या आधी सुई देतात आणि गाल आपला राहत नाही, तसं तिचं आतून झालं होतं. भाऊबीज आली की ताट करायची, चुलतभावाला ओवाळायची, ताट घासून ठेवायची. २००७ साली आई गेली तेव्हा रडली, पण लोक बघत होते म्हणून रडली. हे तिनेच मला सांगितलं, अगदी भाजीचा भाव सांगावा तसं.

आई गेल्यावर पुढच्या वर्षी तिकडून पहिलं पत्र आलं. ‘चंद्रकांता कापगते’ या नावाने, गावाच्या पत्त्यावर, तिथून फिरत फिरत मुर्रीला. रुग्ण देवचंद शालीकराम शांत आहे, औषध घेतो, बागेत काम करतो, नातेवाईकाने येऊन भेटावे. तिने पत्र वाचलं, घडी घातली आणि एका फाइलमध्ये ठेवलं. मग सहा महिन्यांनी विद्यापीठात पीएच.डी.चा अर्ज भरला, आणि विषयाच्या रकान्यात लिहिलं ते तुम्हाला सांगितलंच. भाऊ तिकडं कसा राहतो हे जाऊन बघायची छाती नव्हती, म्हणून बाई सव्वाशे वर्षांचा वळसा घालून निघाल्या!

पण नशिबाची चेष्टा बघा. जुने कागद होते कुठे? तिकडंच. त्याच आवारात. राणीच्या वेळची दगडी इमारत होती, तिच्यात आता दप्तरखाना होता, आणि पलीकडे भिंत, भिंतीपलीकडे नवा दुमजली वॉर्ड.

कॉलेजने तिला मंगळवार मोकळा दिला. दर मंगळवारी सकाळच्या पॅसेंजरने ती जायची, फाटकावरच्या वहीत ‘सौ. लांजेवार, काम : संशोधन’ असं लिहायची आणि दप्तरखान्यात शिरायची. कापगते हे नाव तिने तिथं कधी उच्चारलं नाही. दुपारी वॉर्डातली जेवणाची घंटा वाजली की तीही डबा घेऊन बाहेर यायची. दारात एक चिंचेचं झाड होतं, त्याला पार होता. पारावर बसून, निळी छत्री शेजारी ठेवून, पोळीभाजी खायची. वॉर्डाच्या वरच्या मजल्याच्या जाळीच्या खिडक्या तिथून दिसतात. दिसतात म्हणजे, बघितलं तर. ती वॉर्डाकडे पाठ करून बसायची. एक मंगळवार नाही, दोन वर्षं.

दप्तरखाना सांभाळणारा भोजराज आपल्याच जिल्ह्यातला निघाला, देवरीकडच्या चिचगडचा. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, इतके विषय पडले हायेत दुनियेत, हाच काऊन?"

"कोणी केला नाही म्हणून," ती म्हणाली.

"मंग बरोबर हाय. हे दफ्तर बी कोनी खोललं नाही." त्याने फडक्याने धूळ झटकली आणि तिच्यापुढे चामडी पाठीच्या जाडजूड वह्या ठेवल्या.

वह्या इंग्रजीत होत्या, साहेब डॉक्टरच्या लपेटदार अक्षरात. एकेका माणसाला एकेक पान. नाव, जात, जिल्हा, गुन्हा, वेडाचं कारण. कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘गांजा’, नाही तर ‘माहीत नाही’. ही माणसं इतर वेड्यांपासून वेगळी ठेवत, उंच भिंतीच्या अंगणात. पहाटे उठवत, रांगेत बसवून अंघोळ घालत. जो शांत राहील त्याला बागकाम, जो ताकदीचा त्याला तेलाचा घाणा, बायकांना दळण. तंबाखू मिळायची ती काम केलं तर. दर महिन्याला वजन करत, आणि वजन वाढलं की साहेब खूश. बरा झालेला माणूसही सरकारचा हुकूम आल्याशिवाय सुटत नसे, आणि हुकमाआधी गावच्या मालगुजाराला पत्र जायचं, की याला ताब्यात घेणारं कोणी आहे काय. उत्तरं वहीतच डकवलेली होती. ‘नातलग येण्यास राजी नाहीत.’ ‘नातलग येण्यास राजी नाहीत.’ हाच मजकूर, पानापानावर.

चंद्रकांता ते उतरवून घ्यायची. हात चालायचा. एखाद्या मंगळवारी असली पंधरा उत्तरं उतरवून ती पॅसेंजरमध्ये बसायची, शेंगदाणे खायची आणि घरी येऊन पुष्पांजलीच्या गणिताला बसायची. तुम्ही म्हणाल, काय दगडाच्या काळजाची बाई! मीही तेच म्हणालो होतो. नंतर कळलं, दगड नव्हता तो, बांध होता.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात तिला सुखराम सापडला. सुखराम, वय अंदाजे तीस, जात कोहळी, जिल्हा भंडारा. गोंदिया तेव्हा भंडाऱ्यातच होतं, वेगळा जिल्हा तर परवा १९९९ ला झाला. गुन्हा, चुलतभावाचा खून. सन १८८० ला आत आला. साहेबाने लिहिलं होतं : ‘शांत आहे. बागेत चांगलं काम करतो. मात्र संध्याकाळ झाली आणि पाऊस लागला की दरवाजाशी जाऊन तोंडाने ढोलासारखा आवाज काढतो, टूडूम, टूडूम. अर्थहीन. अडवलं तर रडतो.’

पुढच्या वर्षी : ‘प्रकृती उत्तम. ढोल चालूच.’ त्याच्या पुढच्या वर्षी साहेब बदलला, पण ढोल तोच. ‘ढोल बंद होईपर्यंत सुटकेची शिफारस करता येत नाही.’ मग नुसतंच, ‘ढोल.’ एकोणीस वर्षं. १८९९ च्या पावसाळ्यात सुखराम जुलाबाने मेला, आणि शेवटची ओळ होती, ‘अखेरपर्यंत ढोल.’

चंद्रकांताने पान दोनदा वाचलं. मग मोठ्याने म्हणाली, "भोजराजभाऊ, हे ऐका. संध्याकाळी, पाऊस लागला की. टूडूम, टूडूम."

भोजराज चहा ओतत होता. त्याने कप खाली ठेवला. "ढोल कायचा मॅडम? तुडुम म्हनून राहिला तो! पानी चढलं असन तलावाले, तुडुम खोला म्हनून राहिला! नाही तं पाळ फुटन ना!"

"एकोणीस वर्षं म्हणत होता."

"आन् कोनाले समजलं नाही?"

"नाही."

"अरे, बापा रे," भोजराज म्हणाला. मग चिडून म्हणाला, "साहेबाले भाषा येत नोहोती, आन् पागल ठरला सुखराम!"

त्या दिवशी तिने डबा उघडला नाही. पण तेवढंच. दुसऱ्या दिवशी तिने सुखरामवर एक स्वच्छ, नीटनेटकं प्रकरण लिहायला घेतलं. मार्गदर्शक सर वाचून खुर्चीतून उठलेच. "एका शब्दावर तुम्ही अख्खी व्यवस्था उघडी पाडलीत! यावर टाळ्या पडतील बघा." पडल्याही, एका चर्चासत्रात. चंद्रकांताने मान लववली. आपल्याला बरं वाटायला हवं, असं तिला वाटलं. वाटलं नाही.

२०११ च्या जानेवारीत तिकडून चौथं पत्र आलं. मधली दोन्ही तिने फाइलमध्येच ठेवली होती, सुखरामच्या नकलांखाली. या पत्रात मात्र तारीख होती. रुग्ण देवचंद यास घरी पाठवावे काय, याचा विचार करण्यासाठी मंडळाची बैठक अमुक दिवशी आहे. नातेवाईक हजर न राहिल्यास रुग्णाला कोणी नाही असे समजून पुढील पत्रव्यवहार बंद करण्यात येईल.

तिने पत्र घडी घालून फाइल उघडली. वरच सुखरामचं पान होतं, त्याच्याखाली डकवलेल्या उत्तराची नक्कल. ‘नातलग येण्यास राजी नाहीत.’ अक्षर तिचं स्वतःचं होतं. निळ्या शाईतलं, वळणदार. जणू तिनेच कोणाला तरी कळवलं होतं.

सेवकराम टीव्ही बघत होता. ती म्हणाली, "मी देवचंदला बघायला चालली."

त्याने आवाज कमी केला. "आणायला की बघायला?"

"माहीत नाही."

"आणशील तर मागची खोली रिकामी करावी लागेल," तो म्हणाला. "सायकली बाहेर काढतो." भला माणूस, म्हटलं ना.

बैठक बुधवारी होती. आयुष्यात पहिल्यांदा ती तिथं बुधवारी गेली, आणि फाटकावरच्या वहीत पहिल्यांदा लिहिलं, ‘चंद्रकांता कापगते, देवचंदची बहीण.’ पहारेकऱ्याने वही बघितली, तिच्याकडे बघितलं. "मॅडम, तुम्ही तर लांजेवार ना?" तिने पेन वहीत ठेवलं आणि आत शिरली.

खोलीत तिघं होते. मधे एक वयस्क डॉक्टरीण, एक समाजसेवा अधिकारी आणि देवचंदच्या वॉर्डाचा तरुण डॉक्टर, कोल्हापूरकडचा, नुकताच आलेला, मन लावून काम करणारा पोरगा. त्याने फाइल उघडली.

"आधीच सांगतो, मॅडम, आशा ठेवू नका. पेशंट चांगला आहे. औषध स्वतः मागून घेतो. वडिलांबद्दल विचारलं की सगळं सांगतो आणि रडतो, म्हणजे जाणीव आली आहे. वांगी तर अशी लावलीत त्यानं, बघत राहावं. पण एक भास काही केल्या जात नाही. दोन वर्षं झाली. डोससुद्धा वाढवला."

"कसला भास?" चंद्रकांताने विचारलं.

"एक बाई दिसते त्याला." त्याने पान उलटलं. "माझ्या आधीच्या डॉक्टरांपासून नोंद आहे. हे बघा. ‘खिडकीतून बाई दिसते म्हणतो. बाई झाडाखाली बसून जेवते. बाई माझ्याकडे पाहत नाही म्हणतो.’ कोण बाई विचारलं, तर म्हणतो, बाई म्हणजे बाई. नाव विचारलं, तर हसतो. आणि गंमत म्हणजे रोज नाही दिसत. फक्त मंगळवारी."

चंद्रकांताच्या हातातली पर्स खाली पडली. कोणी उचलली नाही, तिनेही नाही.

"गेल्या ऑगस्टात," डॉक्टर वाचत होता, "तीन आठवडे बाई दिसली नाही. पेशंट बेचैन, जेवण कमी. ‘बाई बिमार असन’ असं म्हणत होता. मग पुन्हा दिसू लागली. बाईकडे निळी—"

"छत्री," चंद्रकांता म्हणाली.

डॉक्टरने वर बघितलं.

"ऑगस्टात मला टायफॉइड झाला होता," ती म्हणाली. तिचा आवाज वर्गात शिकवतानाचाच होता, सपाट. "डॉक्टर, आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. तो भास नाही. ती मी आहे. मी दर मंगळवारी येते. दप्तरखान्यात. दोन वर्षं झाली. भोजराजला विचारा, फाटकावरची वही बघा."

वही मागवली. कोल्हापूरच्या पोराने फाइलमधल्या तारखांवर बोट ठेवून वहीशी एकेक ताडून पाहिली. चार-पाच तारखांनंतर त्याने बोट उचललं आणि कपाळाला लावलं. "मी डोस वाढवला," तो म्हणाला. "खरं सांगत होता, आणि मी डोस वाढवला."

वयस्क डॉक्टरीणबाईंनी फाइल बंद केली. मग त्यांनी जे विचारलं ते कोणीतरी विचारणारच होतं. "तुम्ही दोन वर्षं इथं येत होता. वॉर्ड समोर होता. एकदाही भेटला नाहीत?"

"नाही."

"का?"

चंद्रकांताने तोंड उघडलं. ‘कोणी काम केलं नाही म्हणून’ हे इथं चालणार नव्हतं. "तो बोलेल म्हणून भीती वाटत होती," ती म्हणाली, "आणि मला काही वाटणार नाही, याची त्याहून जास्त."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि अर्ज तिच्यापुढे सरकवला. मी यास ताब्यात घेण्यास व सांभाळण्यास राजी आहे. कोर्टातून कागद फिरून यायला दीड-दोन महिने लागणार होते. चंद्रकांताने ‘राजी’ हा शब्द वाचला आणि त्याच्याखाली सही केली.

मग देवचंदला आणलं. केस पांढरे झालेले, हाताच्या बोटांना मातीचा रंग, सदरा मोठा. तो दारात थांबला. तिच्याकडे बघून त्याला मुळीच नवल वाटलं नाही. त्याने आधी तिच्या पायाकडे बघितलं, मग खुर्चीकडे, मग टेबलाखाली.

"बाई," तो म्हणाला, "आज डबा नाही आनला?"

"नाही आणला रे," ती म्हणाली. "आज बुधवार आहे ना."

"हो. बुधवार हाय." त्याने विचार केला. "तू भाजीत तेल कमी टाकून राहिली आजकाल. वरून दिसते मले. पोळी कोरडी खातेस."

"मंगळवारी आणते. दोघाईचा आणते."

"आन." तो पहारेकऱ्याबरोबर वळला. दोन पावलं जाऊन पुन्हा मागे आला, आणि लहानपणी पाळीवर धरायचा तसा तिचा हात मनगटाशी धरला.

"आन् बाई," तो म्हणाला, "आता येशीन तं वर पाहजो."

तिथं, त्या तीन परक्या माणसांपुढे, चंद्रकांता कापगते दहा वर्षांत पहिल्यांदा खरंखुरं रडली. या वेळी कोण बघतंय, ते तिने बघितलं नाही.